स्नेहवर्धिनीच्या कुंड्या

मनुष्यप्राणी गुहेतून बाहेर पडला तो शेवटी बागेत येऊन बसण्यासाठीच, असं नीलाताई कर्णिकांचं ठाम मत होतं. नौपाड्यातल्या ‘नंदनवन’ बागेच्या उद्घाटनाला त्यांनी ते भर सभेत मांडलं. सभेला मोजकीच माणसं होती, आणि त्यांतली निम्मी, इथली कचराकुंडी आता कुठे हलवली, एवढंच विचारायला थांबली होती.

ती चौकशी अजून बंद झालेली नव्हती. रिक्षावाल्याला ‘नंदनवन’ म्हटलं की तो आभाळाकडे बघे आणि ‘कचराकुंडीवाली बाग’ म्हटलं की बिनचूक फाटकाशी आणून सोडी. बाग म्हणजे तरी काय, गल्लीच्या टोकाला दोन इमारतींच्या मध्ये उरलेला तुकडा. एक सोनमोहर, दोन बाकं, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉकची सरळ वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना वाफे.

पालिकेनं ती बाग स्वयंसेवकांना दत्तक दिली होती. स्वयंसेवक उदंड होते. झाड लावायला, म्हणजे झाडाला हात लावून फोटो काढून घ्यायला, गल्ली लोटायची; त्याच झाडाला दुसऱ्या दिवशी पाणी घालायला तिघं उरायची. एक नीलाताई. दुसरे सीताराम तोडणकर, मूळचे मालवणकडचे, ज्यांना जन्मात कुणाला ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं. तिसरे धम्मपाल साळवे, बांधकामांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. ते बोलण्यापूर्वी इतका विचार करत की बोलेपर्यंत विषय बदललेला असे.

नीलाताई टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त झाल्या होत्या. ‘फोन आपोआप बंद पडतो हो’ हे ऐकण्यात उभी नोकरी गेल्यामुळे ‘आपोआप’ या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास उरला नव्हता. जगात आपोआप काही होत नाही, कुणीतरी वायर ओढलेली असते, हे त्यांचं तत्त्वज्ञान. यजमान गेल्यापासून घरी त्यांच्याकडे तक्रार करायलाही कुणी नव्हतं. त्यामुळे सकाळी उठून जिथे आपल्यावाचून अडतं अशी जागा त्यांना जगात एकच उरली होती, आणि तिला लोक कचराकुंडीवाली म्हणत.

आता कुंड्यांबद्दल सांगायला हवं.

नौपाड्यात अलीकडे इमारत पाडणं हा एक ऋतूच झाला आहे. जुनी पडते, नवी उभी राहीपर्यंत लोक भाड्यानं राहतात. इथलं भाडं परवडत नाही म्हणून कुणी दिव्याला जातो, कुणी ठाकुर्लीला, आणि तिथे गॅलरी नसते. मग गॅलरीतल्या कुंड्यांचं काय करायचं? टाकवत नाहीत, नेववत नाहीत. म्हणून त्या बागेत आणून ठेवायच्या, अशी रीतच पडून गेली. “तीनच वर्षं हां, काका,” असं म्हणून बाई डोळे पुसायची, आणि तोडणकर “ठेवा, ठेवा” म्हणायचे. बागेचं असं हळूहळू अनाथालय झालं.

शिमगा झाल्यावर समोरची ‘स्नेहवर्धिनी’ पाडली. तिच्या तळमजल्याच्या कुंड्या एकाच दिवशी आल्या. रंगाचे डबे, फुटके माठ, एका घरचं चक्क जुनं वॉशबेसिन, त्यात कोरफड. आणि दिव्याला भाड्यानं गेलेल्या दर्शना घागची सिमेंटची तुळस, गेरूनं रंगवलेली, जी चार हमालांनी शिव्या घालत आत आणली. स्नेहवर्धिनीच्या जागी निळे पत्रे उभे राहिले.

एप्रिलात उद्यान विभागातून फोन आला. दत्तक कराराची मुदत संपत आली होती आणि या जागेवर दुचाकी पार्किंग करावं असा गल्लीतल्या काही जणांचा अर्ज होता. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी मॅडम पाहणीला येतील. वाट मोकळी हवी आणि बाग बागेसारखी दिसायला हवी.

“आणि नाही दिसली तर?” नीलाताईंनी विचारलं.

“तर पांढरे पट्टे मारू,” पलीकडचा गृहस्थ सौजन्यानं म्हणाला.

नीलाताईंनी पदर खोचला. ऊन बघून कुंड्या लावल्या, उंच मागे, बुटक्या पुढे. तुळस हमाल बोलावून भिंतीशी सरकवली. बागेला शिस्त आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडतात तो तुळस वाटेच्या मधोमध.

“तोडणकर, ही इथे कुणी आणली?”

“मी नाय.”

“मग काय आपोआप आली?”

“मी खंय तसां म्हणतंय? मी म्हणतंय, मी नाय.”

साळव्यांनी गुडघ्यावर हात ठेवून खाली बघितलं. “ओढल्याची खूण नाही, नीलाताई. उचलून ठेवलीय. चार माणसं लागतील.”

“मग चार माणसांनी ठेवली.”

“कोण चार?”

“ज्यांना स्कूटर लावायला जागा हवी आहे ते. आणखी कोण?”

हे कुणालाही पटण्यासारखं होतं. त्यांनी फाटकाचं कुलूप बदललं, तुळस पुन्हा भिंतीशी नेली, हमालांनी पुन्हा शिव्या घातल्या. सकाळी तुळस वाटेवर. या खेपेला कोरफडीचं बेसिनही डाव्या वाफ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलेलं, आणि माठ एका ओळीत. नवं कुलूप शाबूत होतं. नीलाताईंनी शेजारच्या सोसायटीचा कॅमेरा बघून घेतला. त्यात रात्रभरात फक्त एक मांजर फाटकातून आत जाताना दिसलं. ते आत चार पावलं सरळ गेलं, थबकलं, आणि डावीकडे वळून वळसा घालून भिंतीवर चढलं.

“मांजरानं तर नाही ना ठेवली?” साळवे म्हणाले. नीलाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस ते विनोदाच्या वाटेला गेले नाहीत.

चीड येण्यासारखी गोष्ट ही, की कुंड्या वाटेल तिथे जात नव्हत्या. रोज त्याच जागी जात होत्या. नीलाताई दिवसभर घाम गाळून त्या हलवायच्या आणि सकाळी त्या आपापल्या जागी हजर असायच्या, जणू त्यांचंच बरोबर आणि नीलाताईंचंच काहीतरी चुकतंय.

त्यात सोनमोहर फुलला. पिवळ्या पाकळ्यांचा सडा बागभर पडायचा. मात्र बागेत काही तुकडे असे होते की तिथे एक पाकळी नसायची. तुकडे चौकोनी होते, कडा सरळ. तोडणकरांनी आधी “वारो असतलो” म्हटलं. मग एका सकाळी त्यांनी वाफ्यात बादली ओतली. पाणी मातीवर पसरत गेलं, एके ठिकाणी अडलं आणि तिथून पट्टीनं आखल्यासारखं सरळ, कडेकडेनं वाहत राहिलं. तिथे अडायला काही नव्हतं. तोडणकर ते बघत उभे राहिले, बादली ठेवली आणि कधी नव्हे ते घरी लवकर गेले.

उन्हं चढली की फोडणीचा वास यायचा. हिंग, मोहरी, कढीलिंब. नौपाड्यात सकाळी फोडणीचा वास येणं यात नवल नाही; नवल इतकंच, की तो बाकाच्या उजवीकडे बसलं तर यायचा आणि डावीकडे सरकलं की थांबायचा. नीलाताईंनी दोनतीनदा सरकून पाहिलं. मग आपल्याला कुणी असं सरकताना बघेल, या विचारानं त्या उठून उभ्या राहिल्या.

“नीलाताई, रागावणार नसाल तर एक सांगतो,” साळवे म्हणाले.

“रागावलेलीच आहे. सांगा.”

साळव्यांनी काठी उचलून दाखवलं. “या ओळीतले माठ, ही बाहेरची भिंत. ही खोली. हे आतलं स्वयंपाकघर. बेसिन बघा कुठे बसलंय. मोरीशी. आणि तुळस दारात. जन्मभर हेच काढत आलो हो मी. वन रूम किचन, बाजूला तसंच दुसरं. हा तळमजल्याचा नकाशा आहे.”

“कशाच्या तळमजल्याचा?”

साळव्यांनी निळ्या पत्र्यांकडे मान वळवली.

“साळवे, तुम्ही तरी असलं काही बोलू नका. तोडणकरांचं ठीक आहे, त्यांच्या गावाला दर पिंपळावर कुणीतरी राहतंच.”

“मी कुठे काय बोलतोय? आमच्यात तर वास्तुशांतही करत नाहीत.” ते काठी टेकत उठले. “पण भिंत मला कळते.”

आणि ते नळाकडे गेले. नळ समोर दहा पावलांवर होता. साळवे आधी उजवीकडे गेले, मग वळले, मग पुन्हा वळले. नीलाताईंना हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारायची, ते सुचलं नाही.

पाहणी दोन दिवसांवर आली, तेव्हा शुक्रवारी त्यांनी निर्णय घेतला. सिमेंटचं वृंदावन ऐकत नाही ना, मग तुळस उपटून हलक्या कुंडीत लावायची आणि वृंदावन फोडायचं. त्यांनी मुळाशी खुरपं घातलं. टिक् असा आवाज झाला. माती बाजूला केली तर आत तांब्याची चपटी डबी, लाल दोरा गुंडाळलेली.

ती काय आहे ते सांगायला कुणाची गरज नव्हती. वास्तुशांतीला घराच्या कोपऱ्यात पुरतात तो वास्तुपुरुष. फ्लॅटला जमीन नसते म्हणून फरशीखाली बसवतात, एवढाच फरक. तोडणकर दोन पावलं मागे सरले. साळव्यांनी खुरपं घेतलं आणि शेजारच्या माठात खुपसलं. टिक्. त्याच्या शेजारच्या डब्यात. टिक्. वॉशबेसिनमध्येही.

नीलाताईंनी तिथूनच दर्शनाला फोन लावला.

“हां काकी, बोला ना. कशी आहे आमची तुळस?”

“तुळस उत्तम आहे. तिच्याखाली काय ठेवलंयस?”

दर्शना म्हणाली, “अय्या, सापडलं का? सॉरी काकी. काय करणार होतो, तुम्हीच सांगा. बिल्डरचा माणूस फरशी फोडायला आलेला. डेब्रिजमध्ये टाकायचं का ते? गुरुजी बोलले, नवीन घर होईपर्यंत मातीत ठेवा. तळमजल्यावरच्या सगळ्यांनी तसंच केलं मग.”

“दिव्याला का नाही नेलंस?”

“इथे मालकाचा स्वतःचा आहे ना. आणि मालक अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट देतो काकी, देव काय अकरा महिने बसतो का? आम्ही सगळ्यांनी हात जोडून सांगितलंय, इथेच राहा, आम्ही येतोच. तुम्हाला काही त्रास नाही ना त्यांचा?”

“त्रास? अगं, मला बागेची वाट मोकळी करायची आहे! रविवारी माणसं येणार आहेत, ही बाग जाईल माझी! तू ये आणि तुझं घेऊन जा.”

“रविवारी पाण्याचा टँकर येतो हो इथे, लाइनीत नाही राहिलं तर आठवडा कोरडा. पुढच्या आठवड्यात बघते ना.” मग तिचा आवाज जरा बदलला. “काकी, तुम्ही घरी आहात का?”

“नाही. बागेत आहे.”

“मग कुकरची शिट्टी कुठे होतेय तुमच्या मागे?”

नीलाताईंनी फोन बंद केला. तोडणकरांकडे पाहिलं. तोडणकर म्हणाले, “मी काय आयकूक नाय.” ते अशा घाईनं म्हणाले की ऐकलं नसतं तर म्हणायची गरजच पडली नसती.

डबी नीलाताईंनी परत मातीत ठेवली. उगाच कुणाच्या धर्माच्या आड यायला नको म्हणून, असं त्यांनी दोघांना सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी हमाल शेवटचे आले. सगळ्या कुंड्या मागच्या भिंतीशी ओळीनं लावल्या आणि नीलाताईंनी मांडववाल्याकडून नायलॉनची दोरी आणून त्या एकमेकींना आणि भिंतीच्या गजांना करकचून बांधल्या. गाठी साळव्यांनी मारल्या. तोडणकरांनी फाटकाबाहेर उभं राहून देखरेख केली.

रविवारी सकाळी कुंड्या जागेवर होत्या.

तुळस जागेवर, माठ जागेवर, बेसिन जागेवर. दोरी तशीच ताणलेली. वाट फाटकापासून भिंतीपर्यंत लख्ख मोकळी. नीलाताईंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऊरभर श्वास घेता आला.

“बघा! बांधलं की सगळं जागेवर राहतं. आपोआप काही होत नसतं.”

“कुंड्या राहिल्या,” तोडणकर म्हणाले. आणि ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

मॅडम वेळेवर आल्या. प्राची ठोंबरे, तरुण, काखेत हेल्मेट, हातात मोबाइल. नमस्कार करून त्या म्हणाल्या, “तुम्ही थांबा इथेच, मी एक राउंड मारून येते.” आणि वाटेनं निघाल्या.

चार पावलं सरळ गेल्या. थांबल्या. डावीकडे वळून वाफ्यात उतरल्या, काही अंतर सरळ चालल्या, काटकोनात वळल्या. एके ठिकाणी अंग चोरून, तिरक्या होऊन पुढे सरकल्या.

“सॉरी हं,” असं त्या कुणालातरी म्हणाल्या.

हे सगळं करताना त्यांची नजर मोबाइलवर होती. फेरी पुरी करून त्या परत आल्या.

“पार्किंग नाही होणार इथे.”

नीलाताईंचे डोळे भरून आले. “म्हणजे बाग राहिली?”

“तसं कसं म्हणू मॅडम? जागाच कुठेय? एवढी माणसं राहताहेत इथे. मला ‘व्याप्त’ लिहावं लागेल आणि अतिक्रमणवाल्यांना कळवावं लागेल. ती खाली करून घेतली की मग बघू, बाग का पार्किंग ते.”

“कोण राहतंय? अहो, रिकामी बाग आहे ही! फोटो काढलेत ना? बघा फोटोत.”

प्राचीबाईंनी फोटो बघितला. फोटोत सोनमोहर होता, बाकं होती, मोकळी वाट होती.

“फोटोचं नका सांगू हो. मी प्रत्यक्ष पाहणी केलीय.” मग जरा समजुतीनं म्हणाल्या, “तुम्ही पण तर वळसा घालूनच येता ना रोज? ते बघा.”

नीलाताईंनी पाहिलं. वाफ्यात, त्यांनीच पेरलेल्या मेथीतून, एक पायवाट पडली होती. चांगली मळलेली, टणक झालेली. फाटकाजवळ वाटेवरून उतरून ती वाफ्यातून काटकोनात वळत, पुन्हा वळत नळापर्यंत गेली होती. बागेत रोज येणारी माणसं तीनच होती.

साळवे जमिनीकडे बघत होते. तोडणकर फाटकाबाहेर होते.

उभ्या नोकरीत नीलाताईंनी लोकांचं ऐकून घेतलं होतं. आता त्यांचं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचा घाम, हमालांच्या मजुऱ्या, नायलॉनची दोरी, आणि वर ही कालची पोर ‘व्याप्त’ लिहिणार!

“मी या वाटेनं सरळ भिंतीपर्यंत चालत जाते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या डोळ्यांदेखत. गेले तर ‘बाग’ लिहाल?”

“लिहीन की.”

“नीलाताई,” साळवे म्हणाले, “राहू द्या.”

पण नीलाताई निघाल्या होत्या.

चार पावलं त्या सरळ गेल्या. चौथ्या पावलाला पाय डावीकडे वळायला लागला, आपल्या मनानं, सवयीनं. त्यांनी तो दाताखाली ओठ धरून सरळ टाकला.

गल्लीतला रिक्षाचा आवाज लांब गेला.

आणखी एक पाऊल. ऊन अंगावरून उतरलं. सोनमोहराची सावली तिथवर पोचत नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

आणखी एक. पावलाचा आवाज बदलला. चार भिंतींत येतो तसा, बारीक घुमून, परत आला. पुढे, वाटेच्या टोकाशी भिंत होती, कुंड्या होत्या, दोरी होती. सगळं नीट दिसत होतं. फक्त हिंगाचा वास आता कुठूनही येत नव्हता. तो सगळीकडे होता.

मागे प्राचीबाई काहीतरी म्हणाल्या, ते दार लोटल्यावर बाहेरचं ऐकू यावं तसं आलं.

नीलाताई उभ्या राहिल्या. भीती त्यांना अजून वाटली नव्हती. एक शेवटचं तक्रारवजा वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं.

तेवढ्यात अगदी जवळून, कोपरापासून हातभर अंतरावरून, एका बाईचा आवाज आला. कामात असलेल्या, सकाळपासून कावलेल्या, पण पाहुण्यांपुढे सांभाळून घेणाऱ्या बाईचा.

“अहो, आत्ताच पुसलंय हो. तेवढ्या चपला बाहेर काढता का?”